मानेवरचं ऊन

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली त्या दिवशी पहिल्याच तासाला मी तात्याबांना दहावीच्या वर्गावर बोलावलं आणि म्हणालो, "ती मागची खुर्ची तेवढी उचला. ऑफिसात नेऊन ठेवा."

तात्याबा शिंगटे आमच्या शाळेचे शिपाई. एरवी काम पुरतं सांगून व्हायच्या आत ते चालू लागलेले असत. त्या दिवशी दारातच उभे राहिले.

"आत्ताच नेऊ?"

"आत्ताच न्या."

ते व्हरांड्यातून वळसा घालून मागच्या दारानं आत आले. साधी, बिनहातांची लाकडी खुर्ची. उचलताना तिचा एक पाय फरशीवर घासला आणि तो आवाज सगळ्या वर्गभर गेला. एकेचाळीस मुलांपैकी एकानंही मान वळवली नाही. सगळी माझ्याकडे बघत होती. तात्याबा खुर्ची घेऊन गेले, आणि पहिल्या बाकावरच्या वैजयंता जगदाळेनं हात वर केला.

"बोल."

"सर, मग आता सर उभेच राहणार का?"

कोणी हसलं नाही. दहावीच्या वर्गात असं काही कोणी बोललं की मागून एखादी तरी खाकर ऐकू येते, तीही आली नाही. आमचे मुख्याध्यापक आबनावे सर यांना जाऊन तेव्हा सोळा दिवस झाले होते. अर्ध्या तासापूर्वी याच मुलांनी मैदानावर उभं राहून त्यांच्यासाठी दोन मिनिटं शांतता पाळली होती.

मी म्हणालो, "पुस्तकं काढा." मला वेळेवर काही सुचत नाही.

हे एकोणीसशे शहाऐंशी सालचं. खटकाळे हे गाव माळावर आहे आणि वाघजाई विद्यालय गावाच्याही बाहेर, उघड्या माळावर. मी तिथे मराठी शिकवत असे आणि ग्रंथालयाची तीन कपाटं सांभाळत असे. कपाटं बरी सांभाळत होतो. शिकवण्याबद्दल मला तेव्हा खात्री नव्हती, आजही नाही.

रामकृष्ण आबनावे मुख्याध्यापक म्हणून आले ते अठ्ठ्याहत्तर साली. त्यांच्या आधीचे मुख्याध्यापक छडी घेऊन फिरत. त्यांचा आवाज एसटीच्या थांब्यापर्यंत जाई, आणि दहावीचा निकाल अठ्ठावीस टक्के लागे. आबनावे सरांनी पहिल्या आठवड्यात ती छडी घरी नेऊन बंबात घातली आणि गावातल्या सुताराकडून सहा खुर्च्या करून घेतल्या. प्रत्येक वर्गात एक, शेवटच्या बाकाच्या मागे, मागच्या दाराला लागून. नियम दोनच. सर वर्गात आले तर उठायचं नाही, आणि मागे वळून बघायचं नाही.

"मी नाहीच, असं समजून चालू द्या," ते म्हणाले.

चपला ऑफिसच्या दाराशी काढून ते दिवसभर अनवाणी फिरत. मागच्या दारांच्या बिजागऱ्यांना दर सोमवारी सकाळी तात्याबा तेल घालत. सर कधी आले, किती वेळ बसले, कधी गेले, मुलांना पत्ता लागत नसे. आठ वर्षांत ते कोणावर ओरडल्याचं मला आठवत नाही.

ते आलेत हे कळे फक्त आम्हा शिक्षकांना, कारण आमची तोंडं तिकडे असत. ते गुडघ्यावर वही घेऊन, चष्म्यातून बघत बसत. तास आवडला की चष्मा काढून सदऱ्याच्या खिशात ठेवत आणि उठून जात. शाबासकी म्हणजे एवढीच. शिक्षकांच्या खोलीत त्यावरून थट्टा चाले, "काय, आज उतरला का?" गणिताच्या कुंभोजकर बाईंच्या तासाला तो महिन्यातून एकदा तरी उतरे. माझ्या तासाला आठ वर्षांत एकदाही उतरला नाही. ते येत, बसत आणि चष्म्यासकट जात.

एकदा धीर करून मी त्यांना विचारलं होतं, "सर, माझं काय चुकतं?"

ते हळू म्हणाले, "चुकत काही नाही, लोहार. फक्त, तुम्ही मुलांना शिकवत नाही. मला शिकवता."

यावर काय करायचं असतं ते मला कळलं नाही.

निकाल मात्र चढत गेला. अठ्ठावीसचा चौसष्ट झाला, चौसष्टचा एक्क्याण्णव. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरापुस्तकात लिहिलं, 'मुख्याध्यापकांचे अस्तित्व प्रत्येक वर्गात जाणवते.' आम्ही तो शेरा फळ्यावर लिहून ठेवला होता.

त्या दिवाळीत ते कऱ्हाडला बहिणीकडे गेले, आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता खाली बसले ते उठलेच नाहीत. संस्थेनं सेवाज्येष्ठता बघितली आणि मला प्रभारी मुख्याध्यापक केलं. दहावीचा वर्गशिक्षकही मीच होतो. खुर्ची हलवली ती काही विचार करून नव्हे. ती रिकामी समोर असताना मला वाक्य पुरं करता येईना, एवढंच.

आठवड्याभरात शेवटच्या बाकांवरची मुलं पुढे सरकू लागली. तिघांच्या बाकावर चौघं, चौघांच्या बाकावर पाच. मी विचारलं तर म्हणत, "फळा नीट दिसत न्हाई सर." शेवटच्या बाकावर एकटा मायाप्पा काळेल उरला. तो इतका उंच होता की पुढे बसला तर मागच्यांना खरंच फळा दिसला नसता. सकाळी मागच्या दारातून ऊन थेट त्याच्या पाठीवर येई. तरी तो मानेला मफलर गुंडाळून बसू लागला.

"मायाप्पा, उन्हात बसून मफलर कसला?"

"मानंवर ऊन येत न्हाई सर."

"दार तर उघडं आहे."

"दार उघडं हाय. पर मधी सावली पडती."

मी बघितलं. त्याच्या पाठीवर ऊन होतं, खांद्यावर होतं. मानेवर नव्हतं.

"झाडाची असेल," मी म्हणालो.

"असंल सर," तो म्हणाला आणि त्यानं मान खाली घातली. शाळेच्या मागे झाड नव्हतं. तिथून थेट डोंगरापर्यंत माळ होता.

जानेवारीत पूर्वपरीक्षा झाली आणि एकेचाळीसपैकी तेवीस मुलं नापास झाली. कुंभोजकर बाई पेपरांचा गठ्ठा घेऊन ऑफिसात आल्या. त्या सांगलीकडच्या, स्पष्ट बोलणाऱ्या. मी सरांच्या जागेवर न बसता बाजूच्या स्टुलावर बसतो, हे त्यांना मुळीच आवडत नसे. वरचा पेपर त्यांनी माझ्यापुढे टाकला.

"ही पोरगी झोपेतून उठवली तरी हे गणित सोडवेल. बघा काय केलंय."

तो वैजयंताचा पेपर होता. नाव, तारीख, प्रश्न पहिला. त्याखाली सहा पानं कोरी.

मी तिला बोलावून घेतलं. ती समोर उभी राहिली, वेणीचं टोक मुठीत धरून.

"पेपर अवघड होता का?"

"नाही सर."

"बरं नव्हतं?"

"बरं होतं."

"मग लिहिलं का नाहीस?"

तिनं बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सर उभे होते. तीन तास. मोठं माणूस उभं असताना आपण बसून कसं लिहायचं?"

कुंभोजकर बाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

मी म्हणालो, "वैजयंता, सर गेले. तुला माहीत आहे."

"माहीत आहे सर. शोकसभेत मीच बोलले ना." तिनं वेणी मुठीतून सोडली. "पण उभे होते."

तिचे वडील दुसऱ्या दिवशी आले. भिवा जगदाळ्यांची गावात पिठाची गिरणी होती. भुवयांपासून पायताणापर्यंत ते पांढरे असत. ऑफिसच्या दारातच चौकटीला हात लावून उभे राहिले.

"आत या ना."

"नगं मास्तर, पीठ सांडंल. हितनंच बोलतो." त्यांनी सदऱ्यावरचं पीठ बाहेरच झटकलं. "आबनावे सरांनी माझ्याकडनं शब्द घेतला हुता. म्हणलं, भिवा, पोरगी ज्या दिवशी नापास हुईल त्या दिवशी तुमी मोकळं. तवर शिकवायची. मी शब्द पाळला. म्हसवडचं पाव्हणं दोनदा आलं, मी चा पाजून लावून दिलं."

"चांगलं केलंत."

"आता पोरगी कोरा कागद देऊन आली. पाव्हणं मे महिन्यातली तारीख मागत्यात. देऊ का नगं, एवढं सांगा."

"मार्चची परीक्षा होऊ द्या. ती पास होईल."

"आन् मार्चातबी कोरा दिला तर?"

मी टेबलावरचे कागद सारखे केले. ते माझ्याकडे बघत राहिले.

"आबनावे सरबी बोलायचं न्हाईत. पर ते गप ऱ्हायलं म्हंजी कायतरी सांगत हायती आसं वाटायचं. तुमी गप ऱ्हायला म्हंजी..." त्यांनी पुढचं गिळलं. "जाऊंद्या. मार्चापतुर थांबतो. नापास झाली तर मी मोकळा."

ते गेल्यावर चौकटीवर पिठाची पाच बोटं उमटलेली दिसली. तात्याबांनी ती पुसली.

त्या दुपारी मधल्या सुट्टीत कुंभोजकर बाई म्हणाल्या, "लोहार सर, ती खुर्ची परत ठेवा."

"बाई, तुम्हीसुद्धा?"

"मी काय? वर्गात सरस्वतीचा फोटो आहे. तो काही उत्तरं सांगत नाही, तरी लावलाय ना आपण? खुर्ची म्हणजे फर्निचर. फर्निचरनं पोरांचा हात चालत असेल तर चालू दे."

"पण मुलांना वाटतंय की..."

"वाटू दे. मार्चपर्यंत वाटू दे. तुमच्याकडे दुसरं काही आहे का?"

नव्हतं. दुसऱ्या दिवशी तात्याबांनी खुर्ची आणून मूळ जागी ठेवली. या वेळी पाय घासला नाही. त्यांनी ती टेकवली त्या क्षणी एकेचाळीस मुलांनी एकदम श्वास सोडला. एखादं जड ओझं चौघांनी मिळून खाली ठेवावं तसा तो आवाज होता. एकमेकांना चिकटून बसलेली मुलं उठली आणि आपापल्या जुन्या जागांवर जाऊन बसली. मायाप्पाचा मफलर मात्र निघाला नाही.

पुढच्या सराव परीक्षेत सहा नापास. त्याच्या पुढच्या परीक्षेत चार. वैजयंताला गणितात पैकीच्या पैकी. संस्थेच्या अध्यक्षांनी माझी पाठ थोपटली, "लोहार, आम्हाला वाटलं नव्हतं हो." मलाही वाटलं नव्हतं.

मी खुर्चीकडे बघायचं सोडून दिलं. बाजूच्या भिंतीवरच्या नकाशाकडे बघून शिकवायचं, नाहीतर पुस्तकात. मुलांकडे बघायचं तर नजर तिसऱ्या बाकाच्या पुढे जाऊ द्यायची नाही. हे जमत होतं असं मला वाटे. एके दिवशी वर्ग रिकामा असताना मात्र मी जवळ जाऊन बघितलं. माळावरची धूळ म्हणजे काय असते ते तिथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. सकाळी पुसलेलं टेबल दुपारी पांढरं होतं. शेवटच्या बाकावर बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ होती. खुर्ची स्वच्छ होती.

"तात्याबा, खुर्ची तुम्ही पुसता का हो?"

"न्हाई सर. मी त्या अंगाला झाडूबी मारत न्हाई."

"मग बिजागऱ्यांना तेल?"

"ते घालतो की. सोमवार म्हणल्यावर तेल घालाय नगं?" माझ्याच डोक्यात काही बिघाड झाल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मला भीती होती ती वेगळीच. बोर्डाच्या परीक्षेचं केंद्र तालुक्याच्या गावी, दुसऱ्या शाळेत. आमची मुलं तिथे चार-पाच वर्गांत विखुरणार. तिथे कसली खुर्ची? मायाप्पा कदाचित निभावून नेईल. पण वैजयंता कोरा कागद देईल, भिवा जगदाळे मोकळे होतील, आणि मे महिन्यात मला लग्नाची पत्रिका येईल. हे मला रोज दिसत होतं. आता मुलांना या गोष्टीतून बाहेर काढायला हवं होतं, आणि ते काम माझं होतं. मी एक छोटं भाषण लिहून काढलं. चार वेळा खोडून पाचव्यांदा लिहिलं आणि घडी करून पाठ्यपुस्तकात ठेवलं.

हॉल तिकिटं वाटायचा दिवस आला. फेब्रुवारीतला शेवटचा सोमवार, सकाळचे साडेदहा. त्यानंतर मुलांना अभ्यासाची सुट्टी लागणार होती. तिकिटं वाटून झाली आणि वैजयंतानं हात वर केला. ती काय विचारणार ते मला माहीत होतं.

"सर, तिथं मागं खुर्ची असेल का?"

मी पुस्तकातून कागद काढला. पहिलं वाक्य वाचलं आणि माझा मलाच आवाज ओळखू येईना. मी कागद परत ठेवला.

"मुलांनो, एक काम करा. सगळ्यांनी मागे वळून बघा."

कोणी हललं नाही.

"मी सांगतोय. मी आता मुख्याध्यापक आहे." हे वाक्य मी चार महिन्यांत पहिल्यांदा उच्चारलं होतं. "नियम मी मोडतोय, तुम्ही नाही. मागे बघा. खुर्ची रिकामी आहे."

एकेचाळीस चेहरे माझ्याकडे लागलेले. मी वैजयंताच्या बाकाजवळ गेलो.

"वैजयंता, तू बघ. एकदा बघितलंस की संपलं."

"नको सर."

"का?"

"आम्हाला बघायची सवय नाही. आम्हाला तुमच्याकडं बघून कळतं."

"काय कळतं?"

"सर आले का ते. तुम्ही सगळे शिकवता शिकवता तिकडं बघता ना. कुंभोजकर बाईंचा आवाज बारीक होतो. तुम्ही वाक्य मधेच सोडता." ती हे अगदी साधेपणानं सांगत होती, गृहपाठ सांगावा तसं. "दिवाळीनंतर तुम्ही रोजच सोडता."

मी पुस्तक मिटलं.

"ते... ती माझी सवय आहे," मी म्हणालो. "तिथे कोणी नाही."

"तुम्ही न बघताच सांगताय सर."

बाहेर माळावर कोणाच्या तरी शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या.

"बघून सांगा," वैजयंता म्हणाली. हॉल तिकीट तिनं दोन्ही हातांनी धरलं होतं. "तुम्ही बघून सांगा, सर आहेत का. तुम्ही सांगाल ते खरं."

मी मान वर केली आणि सगळ्या बाकांवरून, सगळ्या डोक्यांवरून, मागच्या दारापर्यंत बघितलं.

"आहेत," मी म्हणालो.

तिनं हळूच मान हलवली. मी अजून मागेच बघत होतो.

"आणि परीक्षेला? तिथं येतील?"

शेवटच्या बाकावर मायाप्पानं मफलर सैल केला आणि मानेवरून हात फिरवला.

मी वैजयंताकडे बघितलं. "येतील," मी म्हणालो. "पहिल्या पेपरपासून शेवटच्या पेपरपर्यंत. तू फक्त लिही."

घंटा झाली. मुलं एकेक करून पाया पडून गेली. व्हरांड्यात कुंभोजकर बाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. "तुम्हाला जमेल असं वाटलं नव्हतं."

"काय?"

"खोटं बोलणं."

जूनमध्ये निकाल लागला. एकेचाळीसपैकी एकोणचाळीस पास. वैजयंता केंद्रात दुसरी आली. भिवा जगदाळे पेढे घेऊन आले, खोक्यावर पांढरी बोटं उमटवून. या वेळी ते आत आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "त्या दिवशी बोललो त्ये मनावर घिऊ नका, मास्तर. पाव्हण्यास्नी न्हाई म्हणून कळवलं." त्याच महिन्यात संस्थेनं नवे मुख्याध्यापक नेमले. त्यांनी त्या सहा खुर्च्या शिक्षकांच्या खोलीत आणून ठेवल्या. आम्ही त्यांवर बसून चहा पीत असू. चारचौघींसारख्या त्या कुरकुरत. मी माझ्या कपाटांकडे परत गेलो.

गेल्या वर्षी वैजयंता मला भेटायला घरी आली होती. पुढे ती शिकली, शिक्षिका झाली, आता एका मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका आहे. केस असे पांढरे झालेत की दारात उभी राहिली तेव्हा मला वाटलं, गिरणीतूनच आली. मी चहा केला. माझ्या हातून थोडा बशीत सांडला, तो तिनं पुसला.

मग मी विचारलं, "तुमच्या शाळेत मागे खुर्ची असते का?"

"छे. आणि मला अहोजाहो काय करता, सर? मी पुढच्या दारानं जाते, चपला वाजवत. पोरी म्हणतात, मोठ्या बाई निघाल्या की स्टँडवर कळतं."

"निकाल?"

"सत्तर. एखाद्या वर्षी बाहत्तर. संस्था सारखी मागं लागते, वाढवा, वाढवा." तिनं कप खाली ठेवला. "वाढवता येईल सर. एक खुर्ची लागते फक्त. मला माहीत आहे ना कसं करतात ते."

"मग?"

"मग काही नाही. सत्तर तर सत्तर. पोरी मागं वळून वळून गप्पा मारतात. मारू देत."

निघताना दारात ती थांबली.

"सर, एक सांगू का? केंद्रावर पहिल्या पेपरला मी मागं बघितलं. तुम्ही 'येतील' म्हणाला होता, म्हणून धीर झाला. मागं भिंत होती. चुन्याची, कोरी. मला वाटलं आता हात गळणार. पण उलटंच झालं. मनात आलं, लोहार सर खोटं बोलले. एवढे भित्रे सर, आणि वर्गासमोर उभं राहून माझ्यासाठी खोटं बोलले. मग मी लिहायला लागले, ते घंटा होईपर्यंत." ती हसली. "तुम्ही 'आहेत' म्हणालात ना, तेव्हाच कळायला हवं होतं मला. तुम्हाला खोटं बोलायची सवय नाही. तुमचा चेहरा कसला झाला होता."

मी "सांभाळून जा" म्हणालो. रिक्षा वळेपर्यंत दारात उभा राहिलो.

तिला मी सांगितलं नाही. कुंभोजकर बाईंनाही कधी सांगितलं नाही, आणि आता त्या नाहीत. मी त्या दिवशी नीट बघितलं का, याबद्दल स्वतःशी पुष्कळ वाद घातला आहे. माझ्या नजरेवर मी फारसा विश्वास ठेवत नाही. पण जे दिसलं ते दिसलं.

ते बसले होते. गुडघ्यावर वही, डोळ्यांवर चष्मा, अनवाणी पाय फरशीवर जुळवून ठेवलेले. आठ वर्षं बघत होते तसे माझ्याकडे बघत होते. मी "आहेत" म्हणालो, ते असल्यामुळे म्हणालो. वैजयंतानं परीक्षेचं विचारलं तेव्हा काय सांगू, म्हणून मी त्यांच्याकडेच बघत होतो. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या खिशात ठेवला, उठले आणि मागच्या दारानं बाहेर गेले. सोमवार होता, बिजागरी वाजली नाही. मायाप्पाच्या मानेवर ऊन आलं.

मग मी वैजयंताकडे वळलो आणि "येतील" म्हणालो. खोटं होतं ते एवढंच.